ड्राइव्ह घेण्याची योग्य वेळ

कोणतीही वस्तू विकत घेण्याची योग्य वेळ ती वस्तू विकत घेतल्यानंतर साधारण आठवड्याभराने येते, हा मानवजातीचा अनुभव आहे. तेव्हा शहाण्या माणसाने खरेदी एक आठवडा पुढे ढकलावी, आणि तो आठवडा उजाडला की पुन्हा तेवढीच ढकलावी. असं केल्याने माणूस जन्मभर योग्य वेळेच्या अगदी जवळ राहतो. आमचं घर अशा शहाण्या माणसांचं आहे. माझ्या नवऱ्याने मला लग्नाचं विचारायला इतका सुज्ञ विलंब लावला की शेवटी मीच विचारलं. (तो म्हणाला, "जरा विचार करून सांगतो.")

प्रस्तुत प्रकरणातली वस्तू म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसवायचा वेगवान ड्राइव्ह, ज्याला जाणकार एसएसडी म्हणतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात एक तबकडी गरगरते आणि एक काटा तिच्यावर हवी ती गोष्ट शोधत हिंडतो, जशी मी घरभर बाईसाहेबांचा दुसरा मोजा शोधत हिंडते. एसएसडीमध्ये काही गरगरत नाही, कुणी हिंडत नाही. तिथे दोन्ही मोजे एकत्रच असतात.

बाईसाहेब म्हणजे माझी मुलगी. वय अजून महिन्यांत सांगतात. हुद्दा घरातला सर्वोच्च. कार्यालयीन वेळ चोवीस तास, त्यात दुपारी एक सुट्टी, जी त्या मंजूर करतील तेव्हा आणि तेवढीच. या सुट्टीत मी माझी नोकरी करते.

नोकरी म्हणजे आवाज धुणं. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, आणि ती तुमच्या कानापर्यंत येण्याआधी माझ्याकडे येतात. खोकले, आवंढे, खुर्चीची करकर, पान उलटल्याची फडफड, जेवणाच्या वेळेला वाचकाच्या पोटात झालेली गुरगुर, हे सगळं मी काढते. श्वास मात्र सगळे काढायचे नसतात. सगळे श्वास काढले तर माणूस मेल्यावर वाचतोय असं वाटतं. कुठला ठेवायचा आणि कुठला उडवायचा, एवढंच माझं शिक्षण, आणि ते मला चांगलं येतं हे मी इथे लाज न बाळगता नमूद करते.

हातातलं पुस्तक म्हणजे एका वयोवृद्ध नटाने वाचलेलं जाडजूड प्रवासवर्णन. नटाला प्रत्येक परिच्छेदाआधी "हं" म्हणायची सवय. ("हं. बोट किनाऱ्याला लागली." "हं. पण तिथे कुणीच नव्हतं.") बाळंतपणानंतरचं हे माझं पहिलं काम. ऑडिओबुकवाल्या मॅडमनी ते देताना स्वच्छ सांगितलं होतं, "हे वेळेत आलं तर या मालिकेतली सगळी पुस्तकं तुझी. आणि नाही जमलं, तर तू आधी बाळ सांभाळ गं. कामाचं काय, मग बघू."

हे दुसरं वाक्य नेहमी मायेने म्हटलं जातं. ज्या बायकांना ते म्हटलं गेलं त्यांतल्या किती जणी कामावर परतल्या, याची आकडेवारी उपलब्ध नाही. आकडेवारी ठेवणाऱ्या बाईलाही तेच सांगण्यात आलं असावं.

आता कामाची पद्धत. बाईसाहेबांचं जेवण झालं की कॉम्प्युटरचं बटण दाबायचं. मग तोंड पुसणं, त्यांचं आणि भिंतीचं. मग कपडे वाळत घालणं. परत येऊन पाहावं तर पडद्यावर एक गोल फिरत असतो, ज्याचा अर्थ "ऐकलं, येतोय" असा आहे. मग बाईसाहेबांना पाळण्यात घालून थोपटणं. त्यांनी झोपावं आणि कॉम्प्युटरने उठावं अशी माझी दोघांनाही एकाच वेळी विनंती असते, आणि दोघंही ती सवडीने विचारात घेतात. कॉम्प्युटर उठला की नटाची फाइल उघडायला सांगायची. ती उघडेपर्यंत बाटल्या धुऊन होतात. फाइल उघडली, हेडफोन कानाला लावला, नट "हं" म्हणाला, की पाळण्यातून दुसरा "हं" येतो. तो माझ्या यंत्रातून काढता येत नाही.

(या पद्धतीचे फायदेही आहेत. आमच्या घरच्या बाटल्या फार स्वच्छ असतात.)

म्हणून मी ड्राइव्हचा विषय काढला. दुपारच्या जेवणाला, सुट्टीचा दिवस बघून, सगळे हजर असताना. तो विषय त्याच जेवणात समितीकडे गेला. अध्यक्ष माझा नवरा. मार्गदर्शक माझे सासरे. मी निमंत्रित.

सासरे एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागातून निवृत्त झाले. घाईची खरेदी म्हणजे पैशाची नासाडी, हे त्या विभागाचं ब्रीद. टाइपरायटरच्या फिती संपल्याची मागणी एकदा त्यांच्या टेबलावर आली. त्यांनी ती इतक्या काळजीने हाताळली, इतक्या ठिकाणांहून भाव मागवले, इतक्या वेळा शेरा मारून परत पाठवली, की तोवर कार्यालयात कॉम्प्युटर आले. फितींचा खर्च शंभर टक्के वाचला. या कामगिरीबद्दल त्यांचा सत्कार झाला. सत्काराचं पत्र हाताने लिहिलेलं होतं.

नवरा या परंपरेचा सुशिक्षित वारस. ड्राइव्हविषयी त्याला जेवढं माहीत आहे तेवढं ते बनवणाऱ्यांनाही नसावं. तो व्हिडिओ पाहतो. त्यांत एक तरुण दोन ड्राइव्ह शेजारी ठेवून बराच वेळ त्यांच्याकडे आदराने बघतो, मग रंगीत पट्ट्या दाखवतो, आणि अखेरीस म्हणतो की निर्णय तुम्हीच घ्या. संध्याकाळी ऑफिसातून आला की नवरा बाईसाहेबांना खांद्यावर घेऊन घरभर फिरतो आणि कोणत्या ड्राइव्हचं आयुष्य किती, गरम झाल्यावर कोण मंदावतं, हे त्यांना हळू आवाजात समजावतो. त्या त्याचा कान चोखतात. इतकं लक्षपूर्वक त्याचं दुसरं कुणी ऐकत नाही, आणि ते दृश्य पाहिलं की मला त्याचा राग करणं जमत नाही, ही या प्रकरणातली माझी मोठी अडचण.

समितीने पहिल्याच बैठकीत खरेदी तत्त्वतः मान्य केली. (तत्त्वतः मान्य झालेल्या गोष्टी आमच्या घरात बऱ्याच आहेत. न्हाणीघराचा नळ त्यांतलाच. तो तत्त्वतः गळत नाही.) मग मार्गदर्शक सूत्र ठरलं. ते असं:

भाव उतरत असल्यास, उतरणारा भाव आणखी उतरतो. थांबावे.

भाव चढत असल्यास, चढत्या भावात घेणारा मूर्ख ठरतो. उतरेपर्यंत थांबावे.

भाव जागचा हलत नसल्यास, बाजार काहीतरी लपवतो आहे. डोळ्यांत तेल घालून थांबावे.

सूत्रात कुठेही फट नाही, हे मी स्वतः तपासून पाहिलं.

"अरे पण मला महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत पुस्तक द्यायचंय," मी म्हणाले.

"अगं, म्हणूनच तर!" नवरा म्हणाला. "तू घाईत आहेस. घाईतल्या माणसाला दुकानदार लांबून ओळखतो."

"दुकानदार कुठला? तू फोनवर मागवणार ना?"

"फोनला तर आधी कळतं."

मी सासऱ्यांकडे वळले. "बाबा, तुम्ही तरी सांगा ना याला."

"सूनबाई, मला एवढंच सांग," सासरे म्हणाले, "आत्ता तो कॉम्प्युटर चालतो ना?"

"चालतो कसला, सरपटतो."

"म्हणजे चालतो," सासऱ्यांनी नोंद घेतली. "मग याला तातडीची बाब म्हणता येत नाही."

भावावर नजर ठेवण्यासाठी नवऱ्याने फोनमध्ये एक सोय केली. भाव जरा हलला की फोन "टिंग" असा वाजतो. नवरा दिवसा ऑफिसात, तेव्हा घरच्या जबाबदार व्यक्तीलाही कळावं म्हणून तीच सोय सासऱ्यांच्या फोनवर केली. सासऱ्यांना जरा कमी ऐकू येतं म्हणून आवाज वरच्या टोकाला ठेवला. भाव बहुधा दुपारी हलतो. का, ते अर्थतज्ज्ञांनी शोधावं. मी पाहिलेलं एवढंच की बाईसाहेबांची पापणी मिटते, माझी फाइल उघडते, आणि पलीकडच्या खोलीत "टिंग" होतं. त्यामागून सासऱ्यांचा मोठा आवाज येतो, "उतरला गं! थोडासाच, पण उतरला!" आणि त्यामागून बाईसाहेब.

(सासरे नातीला सांभाळत नाहीत असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. जीव लावून सांभाळतात. त्या रडल्या की "आईकडे काहीतरी काम आहे तुझं" असं म्हणून लगेच आणून देतात.)

आमच्या घराण्याने खरेदीच्या शास्त्रात घातलेली खरी भर मात्र वेगळीच आहे. वस्तू मागवायची ती घेण्यासाठी नव्हे, भाव पकडून ठेवण्यासाठी. आज मागवायची. उद्या भाव उतरला तर आजची मागणी रद्द करून उतरलेल्या भावाने पुन्हा मागवायची. परवा पुन्हा. नवरा याला भावाचं बोट धरून चालणं म्हणतो. अशा रीतीने आम्ही तो ड्राइव्ह कित्येकदा घेतला होता, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा स्वस्तात. नवऱ्याच्या हिशेबाने वाचलेली रक्कम चांगलीच फुगली होती. अजून थोडं थांबलो असतो तर ड्राइव्ह फुकट पडून वर दुसरा आला असता.

पण पाठवणाऱ्यांनी घात केला. पुस्तकाच्या मुदतीच्या आठवड्यात, सोमवारी, त्यांनी मागणी रद्द व्हायच्या आत वस्तू पाठवून दिली. दार वाजलं, मी कडेवर बाईसाहेबांना घेऊन उघडलं, आणि कुरियरवाल्याने माझ्या हातात एक चपटा, हलका खोका ठेवला.

त्या संध्याकाळी घरात जो शोक झाला तसा मी जवळून पाहिलेला नाही.

"आला?" नवरा बूटही न काढता म्हणाला. "असा कसा आला?"

"तूच मागवला होतास."

"अगं, मागवला होता, पण येण्यासाठी नव्हता मागवला!"

सासऱ्यांनी खोका हातात घेऊन उलटसुलट पाहिला, कानाशी नेऊन हलवला आणि अनुभवी माणसाच्या शांतपणे म्हणाले, "घाबरू नका. परत करायची मुदत असते. खोका फोडला की वस्तू आपली. तोवर ती बाजाराची. आपण तिला फक्त सांभाळतोय."

"म्हणजे मुदत संपेपर्यंत भाव उतरला तर—"

"परत. आणि नव्या भावात दुसरा."

बापलेकांनी एकमेकांकडे असं पाहिलं की माझे डोळे भरून आले. खोका कपाटाच्या वरच्या फळीवर लोकरी कपड्यांच्या मागे ठेवला गेला, बाईसाहेबांच्या हाताला लागू नये म्हणून. माझ्या हाताला लागायचा प्रश्नच नव्हता. खुर्ची घेतल्याशिवाय माझा हात तिथे पोचत नाही.

अशा तऱ्हेने आमच्या घरी एसएसडी आला. जगातल्या अत्यंत वेगवान ड्राइव्हपैकी एक आमच्या कपाटात होता, आणि खाली मी गोल फिरताना बघत बसले होते.

बुधवारी मॅडमचा फोन आला.

"काय गं, कुठवर आलंय?"

"शेवटचे काही भाग राहिलेत मॅडम. होईल."

"शुक्रवारी सकाळी हवंय हं मला. आणि हे बघ, ताण घेऊ नकोस. तुला जमत नसेल तर मोकळेपणाने सांग. माझ्याकडे एक मुलगा आहे, रिकामाच आहे. तू आपली आधी—"

"जमेल मॅडम," मी घाईने म्हणाले. मला ते वाक्य पुरं होऊ द्यायचं नव्हतं.

फोन ठेवला. बाईसाहेबांना भरवलं, बटण दाबलं, कपडे, गोल, पाळणा, बाटल्या. नशिबाने त्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं. नट एका बंदराला उतरला होता आणि त्याचा घसा बसला होता. एक पूर्ण भाग मी त्याच्या घशातून सोडवला. खोकल्याच्या आधीचा श्वास आणि खोकल्यानंतरचा शब्द असे जोडले की खुद्द त्यालाही कळू नये. मग सेव्ह करायला सांगितलं. गोल फिरू लागला. फिरत राहिला. पलीकडे "टिंग" झालं. "चढला गं!" सासरे ओरडले. बाईसाहेब उठल्या. मी त्यांना उचलायला वळले, आणि परत पाहिलं तर पडदा काळा होता. कॉम्प्युटर दमून झोपला होता. सेव्ह न करता.

मी काही रडलेबिडले नाही. ज्याला सवड आहे त्याने रडावं. मी बाईसाहेबांना खाली सतरंजीवर बसवलं, खुर्ची घेतली, लोकरी कपडे बाजूला सारले आणि खोका काढला. त्याची चिकटपट्टी मी बाईसाहेबांची नखं कापायच्या कात्रीने कापली. मोठी कात्री शोधायला गेले असते तर बहुधा त्या विषयावरही समिती बसली असती.

सासरे त्या वेळी पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले होते. भाव चढल्यामुळे आता त्यांना काही काळ जागं राहण्याचं कारण नव्हतं.

कॉम्प्युटर जड. बाईसाहेबही जड. दोघांपैकी ज्याला हलवलेलं चालतं ते बाबागाडीत घालणं भाग होतं. म्हणून कॉम्प्युटर गाडीत निजवला, पट्टा बांधला, ऊन लागू नये म्हणून वरून पांघरूण घातलं, आणि बाईसाहेबांना कडेवर घेऊन निघाले. कोपऱ्यावर ओळखीच्या एक आजी भेटल्या. पुढे वाकून कौतुकाने म्हणाल्या, "अगं बाई, दुसरं केव्हा झालं? झोपलंय वाटतं?"

"हो," मी म्हणाले. "उठायला फार वेळ लावतं."

"गुणी आहे मग," आजी म्हणाल्या. "उठवू नकोस."

दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाने झाकण उघडलं, फुंकर मारली, आणि आतून जी धूळ उडाली तिच्यात आमच्या संसाराची सुरुवातीची सगळी वर्षं होती. जुन्या तबकडीवरचं सगळं नव्यात उतरवायला वेळ लागला. तेवढ्यात बाईसाहेबांनी दुकानातल्या तीन उंदरांना तोंडात घालून पाहिलं. (कॉम्प्युटरच्या. चव एकसारखीच असावी, कारण चेहरा तोच होता.) काम संपताना माणूस म्हणाला, "बाहेरून आणलात का हा? मला विचारायचंत. थोडं थांबला असतात तर माझ्याकडे नवीन माल येणारच होता."

मी त्याला आमच्या घरी नोकरी देऊ केली नाही, ही माझीच चूक.

जुनी तबकडी, म्हणजे डिस्क, त्याने एका डबीत घालून, वायर जोडून दिली. "लागली तर लावता येईल," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी दुपारी, बटण दाबून मी सवयीने कपड्यांकडे वळले, तर मागे पडदा लख्ख. बटणावरून बोट उचलेपर्यंत तो उठून, आवरून, बसला होता. नटाची फाइल उघडायला सांगितली, उघडली. मला काही सुचेना. ओले कपडे हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. इतक्या तत्परतेने माझं ऐकणारं घरात कधी कुणी नव्हतं.

राहता राहिलं बाईसाहेबांना निजवणं. त्या निजल्या नाहीत.

थोपटलं, गाणं म्हटलं, दुसऱ्या कुशीवर वळवलं. डोळे टक्क उघडे. मधूनच मान वर करून त्या कॉम्प्युटरच्या दिशेने बघायच्या आणि ओठ काढायच्या. मी धंद्याने ऐकणारी बाई. खोलीत कुठला आवाज आहे ते मला लगेच कळतं. कुठला आवाज नाहीसा झालाय ते कळायला मात्र बराच वेळ लागला. खरखर. ती जुनी डिस्क, दुपारभर सामान शोधत खरखरणारी. काम सुरू झाल्यापासून रोज दुपारी माझ्या मुलीला त्या आवाजाने झोपवलं होतं, आणि मी गाण्याचं श्रेय घेत होते.

नवा ड्राइव्ह, व्हिडिओतला तरुण सांगतो त्याप्रमाणे, संपूर्णपणे निःशब्द होता.

मी डिस्कची डबी काढली, वायर कॉम्प्युटरला जोडली, डबी पाळण्याखाली ठेवली. खर्र. खर्र खर्र. कुणीतरी घरात आहे, काहीतरी शोधतंय, सापडेल सावकाश, असा तो आवाज. बाईसाहेबांनी ऐकला. मूठ सैल झाली. झोपेत उतरताना तिचा श्वास आधी नाकात अडखळतो, मग एक लांब उसासा येतो, दिवसभराचा कारभार खाली ठेवल्यासारखा, आणि मग तो इतका बारीक होतो की मला वाकून पाहावं लागतं. असला श्वास माझ्याकडे कुणी साफ करायला पाठवला तर मी त्याला हात लावणार नाही.

वर नवा ड्राइव्ह पळत होता, खाली जुना खरखरत होता, पलीकडे सासऱ्यांचा फोन मी उशीखाली सारला होता. नट बंदरातून निघाला, समुद्र ओलांडून घरी पोचला, त्याचं शेवटचं "हं" मी काढलं. मग परत जागेवर ठेवलं. इतक्या प्रवासानंतर तेवढं त्याला म्हणू द्यावंसं वाटलं. पुस्तक त्याच दुपारी गेलं. शुक्रवारच्या आधी.

संध्याकाळी नवऱ्याला कचऱ्याच्या डब्यात चुरगळलेला खोका दिसला.

"हे काय?" तो म्हणाला. "फोडलास?"

"फोडला."

"बाबा, हिने खोका फोडला!"

सासरे बाहेर आले. रिकाम्या खोक्याकडे पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आता तो आपला," ते इतक्या हलक्या आवाजात म्हणाले की मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. नवऱ्याने फोनवर भाव पाहिला. उतरला होता. अर्थातच उतरला होता. वस्तू आपली झाल्याची बातमी बाजाराला आमच्या आधी लागते.

रीतसर बैठक झाली. मी पाळण्याखालच्या डिस्कबद्दल खरं ते सांगितलं, आणि तिथे माझी चूक झाली. सासऱ्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे जुनी अजून वापरात आहे?"

"हो बाबा. झोपेपुरती."

"आणि तिच्याशिवाय काम होत नाही?"

"तसं बघितलं तर नाही होत."

"मग निष्कर्ष सरळ आहे," सासरे नवऱ्याला म्हणाले. "आवश्यक ती जुनीच होती. नवा घेतला नसता तरी चाललं असतं."

"मी म्हणत नव्हतो?" नवरा म्हणाला. निष्कर्ष एकमताने संमत झाला. निमंत्रितांना मत नसतं.

शुक्रवारी मॅडमचा फोन आला. त्यांनी रात्रभर ऐकलं होतं. "मालिका तुझी," म्हणाल्या. "सगळी. आणि ते शेवटचं 'हं' ठेवलंस ना, ते मला फार आवडलं." मी फोन खाली ठेवला, आणि कुणाला तरी सांगावं म्हणून बाहेरच्या खोलीत गेले. नवरा सुट्टी टाकून घरी होता. (ड्राइव्हच्या धक्क्याने.)

"ऐका ना," मी म्हणाले. "मला पूर्ण मालिका मिळाली."

"अरे वा!" सासरे म्हणाले. "छान झालं हो, सूनबाई." आणि चष्मा सारखा करत, "मग आता त्या मालिकेला हा ड्राइव्ह पुरेल का?"

"मोठा लागेल," नवरा लगेच म्हणाला, आणि त्याचा चेहरा कित्येक दिवसांनी खुलला. "पण आत्ता नको. भाव उतरतोय."

त्यानंतर नात्यातले, शेजारचे, नवऱ्याच्या ऑफिसातले बरेच जण येऊन गेले. सगळ्यांना मी ही हकिकत सांगितली. सगळ्यांनी मन लावून ऐकली, मधे मधे हसले, सासऱ्यांना नावं ठेवली, माझी पाठ थोपटली. मग आवाज जरा खाली आणून प्रत्येकाने एकच गोष्ट विचारली. मालिकेत कुठली पुस्तकं आहेत ते नव्हे. काम कसं चाललंय तेही नव्हे.

तुम्हीही इथवर वाचत आलात ते त्याचसाठी. एवढं सगळं सांगितलं, पण नेमका केवढ्याला पडला ते काही बाई बोलली नाही, असं तुमच्या मनात मघापासून घोळतंय. कुठून मागवला, आत्ता काय भाव असेल, आपण घ्यावा की जरा थांबावं.

थांबा ना. तुमचं काय जातंय? तुमच्याही घरी पडद्यावरच्या त्या गोलाकडे बघत कुणीतरी बसलेलीच असेल.